पंख्याची दोरी

पर्सीसाहेब मला बाकाला पाडलेली खाच दाखवत होते आणि तेवढ्यात आमच्या डोक्यावरचं हिरवं लुगडं हललं.

बाहेर वाऱ्याचा मागमूस नव्हता. चैत्रातली दुपार, कडुनिंबाचं एक पान हलत नव्हतं. आणि इथे त्या पडक्या ख्रिस्ती देवळात, छताला टांगलेल्या लांबलचक लाकडी दांड्याला शिवलेलं एक जुनं लुगडं, काठापदरासकट, सावकाश पुढे गेलं, थबकलं, मागे आलं. धूळ उठली. तुळईवरची कबुतरं नाराजीनं सरकून बसली.

"रायफल," पर्सीसाहेब वर न बघता म्हणाले. "ही खाच रायफलसाठी. सोल्जर प्रेअरला येणार, पण रायफल नाय सोडणार. असं बाजूला उभी करून ठेवायची. समजला?"

"साहेब, पंखा हलतोय."

"सोना असणार. आत माणसाचा आवाज ऐकला की ओढते. तू इकडे बघ, ही खाच बघ."

मी खाच बघितली, पण माझं लक्ष वरच होतं. त्या लुगड्याच्या हालचालीत काहीतरी गुंगी आणणारं होतं. प्रवासानं शिणलेलं अंग, उन्हानं जड झालेलं डोकं, फुटक्या रंगीत काचेतून फरशीवर सांडलेला निळा-तांबडा उजेड आणि वरून येणारी ती झुळूक. उभ्या उभ्या डुलकी लागेल की काय असं वाटलं.

माझं नाव शमुवेल उजागरे. तेव्हा मी नवा पाळक होतो, सव्विशीतला. देवाच्या सेवेत पडून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि पहिलं मोठं काम मिळालं ते एक देऊळ बंद करण्याचं. बोरखिंड कॅम्पातलं सेंट ऑल्बनचं देऊळ. छप्पर कधी खाली येईल याचा नेम नव्हता, जमिनीची मुदत संपली होती, आणि मंडळी म्हणावी अशी उरली नव्हती. बिशपसाहेबांचा हुकूम सोपा होता. रविवारी भाकर आणि द्राक्षरसाचं शेवटचं प्रभुभोजन, म्हणजे कम्युनियन, द्यायचं, वेदीवरचं कापड, प्याला आणि तबक उचलायचं, दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली घेऊन यायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला सगळंच सोपं दिसतं.

पर्सी हॉल्डन हे देवळाचे कारभारी. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. उंच, वाळलेले, खाकी अर्धी चड्डी, पायात घोट्यापर्यंत मोजे. त्यांचे भाऊबहिणी केव्हाच ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते. साहेब तेवढे राहिले. का राहिले म्हणून विचारलं की म्हणायचे, "चर्चची किल्ली कोणाकडे द्यायची?"

त्यांनी मला सगळं देऊळ फिरून दाखवलं. त्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता, पण तो सांगताना ते तारखा सांगत नसत, माणसं सांगत. एका कर्नलच्या बायकोनं हट्ट धरला म्हणून हे देऊळ बांधलं. दगड इथल्याच खिंडीतला, घडवणारे इथलेच पाथरवट. देऊळ उभं राहिलं आणि त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. कर्नलची बायको पहिल्याच आठवड्यात गेली. भिंतीवर ओळीनं संगमरवरी पाट्या होत्या, आणि त्यांच्यावरची बहुतेक नावं विशीतल्या पोरांची.

"रेजिमेंट आली, चर्च बांधला, अर्धी रेजिमेंट पाठीमागे कबरस्तानात राहिली. बाकीची निघून गेली," साहेब म्हणाले. "मग चर्च रिकामी. मग रेल्वे आली, आमचे लोक आले. माझी मॉम इथे बसायची, पुढच्या बाकावर. मग इंडिपेंडन्स. मग तुमचे लोक, वस्तीतले. आता ते पण पुण्या-मुंबईला गेले. एव्हरीबडी गोज, पाद्री. चर्च इथेच असते."

आता तेही देऊळ नाही. मध्यंतरी त्या रस्त्यानं गेलो तेव्हा तिथे कडुनिंब होता आणि दगडाचा एक चौथरा. पण त्या दिवशी ते होतं, आणि त्याच्यात वारा वाहत होता.

"उद्या किती माणसं येतील?" मी विचारलं.

साहेब टोपी काढून तिची कड बोटांनी फिरवत राहिले.

"तोच प्रॉब्लेम आहे," ते म्हणाले.

*

प्रॉब्लेम काय होता तो तबीथाबाईंच्या घरी जेवताना कळला. तबीथाबाई म्हणजे मिशनच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. वस्तीत एकट्या राहायच्या, कोंबड्या पाळायच्या, आणि पाळकाला उपाशी ठेवणं हे बायबलातल्या आठव्या-नवव्या आज्ञेच्या मध्ये कुठेतरी बसणारं पाप आहे अशी त्यांची समजूत होती. ताटात वाटीभर तूप होतं.

"मी आणि पर्सीसाहेब," त्या म्हणाल्या. "एस्तेरबाई होत्या, त्या नाताळानंतर गेल्या. आता दोघंच."

"दोघं पुष्कळ झाले की," मी म्हणालो. "जिथे दोघे किंवा तिघे प्रभूच्या नावानं जमतात..."

"नाय," साहेबांनी काटा खाली ठेवला. ते तबीथाबाईंकडेही काट्यानंच जेवत. "प्रेअर बुकमध्ये लिहिलंय. कम्युनियन घ्यायला तीन माणसं पाहिजे. पाद्री सोडून तीन. कमी असेल तर कम्युनियन नाय. रूल इज रूल."

त्यांचं खरं होतं. गोऱ्यांच्या वेळच्या प्रार्थनेच्या पुस्तकात तसा नियम आहे. आमच्याकडे तो कुणी पाळत नाही, बहुतेकांना माहीतही नसतो. मी तसं बोलून दाखवलं.

"तुमच्याकडे नसेल," साहेब म्हणाले. "सेंट ऑल्बनमध्ये कधी मोडला नाय. लास्ट डेला मोडायचा? मग कम्युनियन नको. नुसता कुलूप लाव. गोडाऊनला लावतात तसा."

मान ताठ ठेवून ते ताटाशेजारचा काटा उगाच सरळ करत राहिले. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. आयुष्यभर ज्या देवळाची किल्ली सांभाळली त्याला निरोप मिळावा म्हणून हा माणूस तळमळत होता, आणि स्वतःच तो निरोप अडवून बसला होता.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," तबीथाबाई पुटपुटल्या. मग एकदम म्हणाल्या, "अहो, पण मावशी आहे ना! सोनामावशी. माझ्या आईची धाकटी बहीण. तिला बसवा की आत."

"सोना?" साहेबांना नवल वाटलं. "सोना तो पंखा आहे."

"पंखा नाही, माणूस आहे."

"आय मीन, ती बाहेर असते. मी लहान होतो तेव्हापासून बाहेर असते. कम्युनियनला कधी आली नाय."

"बोलावलं असतं तर आली असती," तबीथाबाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी तूप ओतलं.

*

ऊन उतरल्यावर मी देवळाच्या मागच्या ओसरीत गेलो. भिंतीत छातीच्या उंचीवर एक भोक होतं. आत छताच्या कप्पीवरून आलेली दोरी त्या भोकातून बाहेर येत होती. वर्षानुवर्षांच्या घासण्यानं भोकाची कड गुळगुळीत झाली होती, आणि खालचा चुना पडून ते आता मूठ जाईल एवढं मोठं झालं होतं. भोकाखाली एक म्हातारी पाय पसरून, भिंतीला पाठ टेकून बसली होती. दोरी तिच्या मांडीवर होती. ती विहिरीच्या पोहऱ्याची दोरी होती, जुनी तुटल्यावर तिनंच आणून बांधलेली.

"सलाम, पाद्रीबाबा."

"सलाम, सोनाबाई. दुपारी आम्ही दोघंच होतो आत. कशाला त्रास घेतलात?"

"तरास कसला? मानसाचा आवाज आला की हात आपुआप जातो दोरीवर."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो. ओसरीत निंबाचा मोहर पडला होता आणि त्याचा कडवट गोड वास भरून राहिला होता. समोर कबरस्तानाच्या पाट्या गवतात बुडाल्या होत्या. एक शेळी कर्नलच्या बायकोच्या थडग्यावर उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"वरचं लुगडं तुमचं का?"

"माज्या आयचं. मूळचं कापड उंदरांनी खाल्लं. मंग म्हनलं, आयचं लुगडं पेटीत पडून काय करतंय? वारा तरी घालंल."

"सोनाबाई, उद्या शेवटची उपासना. तुम्ही आत बसा. आम्हाला तिसरं माणूस पाहिजे."

"आन् मग पंखा कोन वडनार?"

"उद्या पंखा नको."

"न्हाई कसा? चैताची उनं हायेत. साह्याबांचं डोस्कं तापतं." मग ती दोरीची टोकं बोटांनी पिळत म्हणाली, "आन् मला तिघांत धरूबी नगा. माज्या डोस्क्यावर पानी पडल्यालं न्हाई."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे? बाप्तिस्मा झालेला नाही तुमचा?"

"न्हाई."

"अहो, पण तुमची सगळी वस्ती..."

"समदी वस्ती येकाच दिशी किरिस्ताव झाली," ती म्हणाली. अगदी सहज सांगत होती, बाजारातली गोष्ट सांगावी तशी. "गोरा बिशप आला व्हता मुंबैवरनं. असाच उन्हाळा. आत ही गर्दी! माजा बा पंखेवाला. पन त्या दिशी त्येला आत जायचं व्हतं, पानी घ्याया. आय आत, थोरली भन आत. मंग दोरी कुनी वडायची? बिशपाला घाम आल्याला चालंल का? बा म्हनला, सोने, तू बस जरा दोरीवर, माजं झालं की मी येतो, मंग तू जा. म्या बसले वडत. येवढुशी व्हते. हात बी पुरत न्हवता ह्या भोकापत्तूर."

"मग?"

"मंग बा भाईर आला तवर बिशपाची बग्गी निगाली बी."

शेळी थडग्यावरून उतरून गेली. देवळात कबुतरं घुमत होती.

"पुन्हा कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुनी इचारलंच न्हाई! समद्यास्नी वाटलं, माजं बी झालं. समद्यांची नावं बदलली. बा याकोब झाला, भन मार्था झाली. म्या सोनाच ऱ्हायले. तवा तरी कुनाच्या ध्यानात यायाला पायजे व्हतं, न्हाई का?" ती हसली. तिच्या तोंडात दोनच दात होते. "लगीन जमलं असतं तर देवळात इचारलं असतं. त्ये बी जमलं न्हाई. बापामागं दोरी हातात आली, ती आली."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. लई रडले त्या दिशी. पन बा भाईर आला, डोस्कं वलं, डोळे वले. माज्याजवळ हितंच बसला. आन् म्हनला, 'सोने, आत तुजा वारा लागला गं.' त्येनं जल्मभर दुसऱ्याला वारा घातला. त्येला कुनी कदी घातला न्हवता. त्येवढ्यावर माजं भागलं."

पाळकांच्या शाळेत आम्हाला बाप्तिस्म्यावर दोन महिने व्याख्यानं झाली होती. त्यातलं एकही वाक्य त्या ओसरीत बोलण्यासारखं नव्हतं.

"येक मातर ऱ्हायलं," ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली. "वारा आत लागतो कसा, त्ये बघाया पायजे व्हतं येकदा."

"पण तुम्ही रोज आत जाता ना? देवळाची झाडलोट तर तुम्हीच करता."

"जाते की. पन म्या झाडाया आत असते तवा वारा कुठं असतो?"

आणि ती पुन्हा हसली, पण या वेळी हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. उद्या या दाराला कुलूप लागणार हे तिला माहीत होतं.

*

मी देवळाच्या मागच्या खोलीत, जिथे पाळकाचे झगे ठेवत, खाटेवर झोपलो. झोप अशी लागलीच नाही. डोळा मिटला की छताला टांगलेलं हिरवं लुगडं पुढे यायचं, मागे जायचं, आणि त्याच्याखाली ओळीनं बसलेली माणसं दिसायची. रायफली बाजूला टेकवलेली विशीतली पोरं, फुलांच्या टोप्या घातलेल्या बाया, नवी नावं मिळालेली सोनाबाईची वस्ती. सगळ्यांचे केस एकाच झुळुकेनं हलत होते. भिंतीपलीकडे बघावं असं त्यांच्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं.

सकाळी पर्सीसाहेब आले ते काळा कोट आणि टाय घालून. इतक्या उन्हात! तबीथाबाई पांढऱ्या पातळात, हातात झेंडूचा हार. मी दोघांना सोनाबाईची गोष्ट सांगितली.

तबीथाबाई मटकन बाकावर बसल्या. "मावशीचा बाप्तिस्मा नाही? काहीतरीच! अहो, रोज रात्री प्रार्थनेत मी देवाचे आभार मानते की आमच्या घरातल्या पहिल्या विश्वासणाऱ्यांपैकी एक अजून आमच्यात आहे म्हणून. इतकी वर्षं देवानं ऐकून कसं घेतलं?"

"मी आत्ता बाप्तिस्मा देतो," मी म्हणालो.

"बाप्तिस्मा तू देणार," पर्सीसाहेब म्हणाले, "पण कम्युनियनला कन्फर्मेशन लागते. ते बिशप देणार. बिशप कुठे आहे?"

आता मात्र मी तयारीत होतो. पहाटे उठून मी त्यांचं ते लाडकं पुस्तक उघडून बसलो होतो. "साहेब, नियमाची पुढची ओळ वाचा. ज्याचं दृढीकरण, म्हणजे तुमचं कन्फर्मेशन, झालंय तो, किंवा ज्याची तशी तयारी आहे, इच्छा आहे, तो."

साहेबांनी चष्मा लावला. ओठ हलवत ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"इच्छा आहे का विचार तिला," ते हळू आवाजात म्हणाले.

"साहेब!" तबीथाबाई कडाडल्या. "साठ वर्षं दोरी ओढतेय ती. आणखी कसली इच्छा पाहिजे तुम्हाला?"

सोनाबाईला आम्ही आत आणलं. झाडायला आलेली असती तर ती तरातरा चालली असती. पण त्या दिवशी हातात केरसुणी नव्हती, आणि हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. दाराजवळच्या दगडी बाप्तिस्माकुंडात कबुतरानं अंडी घातली होती. "त्येला उटवू नगा," ती म्हणाली. म्हणून मग तिच्याच तांब्यातलं पाणी घेतलं.

"नाव कोणतं ठेवायचं?" मी विचारलं.

"सोनाच असू द्या. आता ह्या वयात नवं नाव घेटलं, तर वर गेल्यावर बा हाक कशी मारंल?"

मी ओंजळीनं तिच्या डोक्यावर पाणी घातलं. पांढऱ्या केसांतून ते कपाळावर आलं, सुरकुत्यांतून वाट काढत खाली उतरलं. तिनं ते पुसलं नाही. तबीथाबाई रडत होत्या. पर्सीसाहेब एका पाटीवरचं नाव वाचण्यात फारच गढून गेले होते.

आणि आमेन म्हणून होतं न होतं तोच सोनाबाई उठली. "चला, म्या जाते दोरीवर. उपासना सुरू करा."

"थांबा," मी म्हणालो. "आज तुम्ही आत बसायचं. आणि वारा तुम्हाला मिळायचा." मग मी त्या दोघांना तिनं काल बोलून दाखवलेली गोष्ट सांगितली. वारा आत लागतो कसा, एवढंच तिला बघायचंय.

पण मग दोरी कुणी ओढायची? तबीथाबाईंचा खांदा गेल्या वर्षी मोडला होता. मी दोरी ओढली असती, तर वेदीपाशी कोण उभं राहणार? सोनाबाईनं आमच्या तिघांकडे बघितलं आणि समजूत घालावी तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो. येवढं काय न्हाई त्यात."

पर्सीसाहेब पुढच्या बाकापाशी उभे होते, त्यांच्या मॉमच्या जागी. ते वर, त्या हिरव्या लुगड्याकडे बघत होते.

"मी छोटा होतो," ते म्हणाले. "इथे मॉमच्या बाजूला बसायचा. बाहेर आग, आणि चर्चमध्ये गार वारा. मी मॉमला विचारला, हा वारा कुठून येतो? मॉम बोलली, गप बस, चर्च आहे. मग पाद्री सर्मनमध्ये बोलला, पवित्र आत्मा वाऱ्यासारखा येतो. मला वाटला, हाच तो. खूप वर्षं मला तेच वाटायचा. मोठा झाला तरी, आतमध्ये, थोडा थोडा वाटायचा."

सोनाबाई त्यांच्याकडे वळली.

"साह्यब," ती म्हणाली, "त्यो म्या व्हते."

तबीथाबाईंना हुंदका फुटावा तसं हसू फुटलं. पर्सीसाहेब हसले नाहीत. त्यांनी कोट काढला, नीट घडी करून बाकावर ठेवला. त्यावर टोपी ठेवली. मग तरुण असताना गाडीचा शेवटचा डबा तपासायला निघत असतील तसे ताठ मानेनं दाराबाहेर गेले.

"साहेब," मी मागून ओरडलो, "तुम्ही बाहेर गेलात तर तिघं कसे होणार?"

ओसरीवरून त्यांच्या बुटांचा आवाज गेला आणि भिंतीमागे थांबला. मग दोरी ताणली गेली, कप्पी किंचाळली, आणि लुगडं इतक्या जोरात उसळलं की वर्षानुवर्षांची धूळ आमच्या अंगावर पडली.

"झटके नगा देऊ, साह्यब!" सोनाबाई भिंतीकडे तोंड करून ओरडली. "पाळन्यावानी! पाळना हालवत्यात तसं!"

लुगडं अडखळलं, थांबलं, पुन्हा निघालं. हळूहळू त्याला लय सापडली. सोनाबाई पुढच्या बाकावर, पर्सीसाहेबांच्या कोटाशेजारी बसली. रायफलीच्या खाचेत तिनं हात टेकवला. वारा तिच्यापर्यंत आला. ओल्या केसांची एक बट हलली, पदर हलला. तिनं डोळे मिटले.

मी उपासना सुरू केली. आजही मला ती नीट आठवत नाही. माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता. रंगीत काचेतला उजेड फरशीवरून सरकत होता, आणि त्या उजेडात हिरव्या लुगड्याची सावली जात-येत होती. पापांगीकार झाला, स्तोत्र झालं. तबीथाबाईंनी एकटीनं गायलं, पण मला ते देऊळभर माणसांनी गायल्यासारखं ऐकू आलं. मी भाकर मोडली. सोनाबाईचे डोळे मिटलेलेच होते. झोपली की काय असं वाटलं, पण तिचा उजवा हात मांडीवर सावकाश पुढेमागे होत होता, दोरी हातात असल्यासारखा.

मग ती वेळ आली. मी तबक घेऊन वळलो. तबीथाबाई मावशीचा हात धरून पुढे आल्या. दोघी वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघ्यांवर टेकल्या. दोघीच.

दोरी थांबली. लुगडं दोनदा झुललं आणि उभं राहिलं. देवळात एकाएकी गरम झालं. मी दाराकडे बघितलं. आता साहेब येतील, म्हणून वाट बघितली. पण बुटांचा आवाज आला नाही. तबीथाबाईंनी वर पाहिलं. मी तबक हातात घेऊन तसाच उभा. नियम मोडू की थांबू? ज्याचा नियम, तोच बाहेर बसला होता.

तेव्हा भिंतीतून खरखर ऐकू आली. चुन्याचा एक पोपडा खाली पडला. दोरीच्या भोकातून आधी बोटं आली. मग मनगट, मग कोपरापर्यंत मळलेली पांढरी बाही आणि कफाचं चांदीचं बटण. तळहात वर करून तो हात थांबला. दोरीनं सोलून निघाला होता तो, लालभडक.

मी दोघींना भाकर दिली. मग तबक आणि प्याला घेऊन भिंतीपाशी गेलो. भाकरीचा तुकडा द्राक्षरसात बुडवला आणि त्या तळव्यावर ठेवला. म्हणायचे शब्द म्हणालो. बोटं मिटली. अगदी जपून तो हात भिंतीत मागे गेला.

सोनाबाई कठड्यापाशी गुडघ्यांवरच वळली होती. ती त्या भोकाकडे बघत होती. आयुष्यभर बाहेरून पाहिलेलं ते भोक तिनं आतून असं कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

"साह्यब," तिनं हाक मारली. "तुमचा वारा लागला."

बाहेर दोरी ताणली गेली. मग कप्पी वाजली, आणि तिच्या आईचं लुगडं पुन्हा हळूहळू हलायला लागलं.